रॉबिनची जोड कुणी लावली?

जोड बघितल्याशिवाय कुस्ती लागत नाही, हे कोल्हापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. खासबाग मैदान असू दे नाहीतर एखाद्या गावची जत्रा, सुरुवातीला बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या असतात, आणि तिथंसुद्धा पंच दोन पोरं समोरासमोर उभी करतात, खांदे बघतात, मांड्या बघतात, एखादा म्हातारा पैलवान "कुठल्या तालमीचा रं तू?" म्हणून विचारतो, आणि जोड जरा जरी कमीजास्त वाटली की कडेला बसलेली माणसं ओरडायला लागतात, "जोड न्हाई, जोड न्हाई, उठवा त्येला!" बक्षीस काय तर मूठभर रेवड्या, पण पोरगं दांडग्यापुढं टाकायचं नाही म्हणजे नाही.

आता बॅटमॅनच्या बरोबर फिरणारं पोरगं, रॉबिन बघा. १९४० साली तो पहिल्यांदा कॉमिक्समध्ये आला, हिरवी चड्डी, उघड्या मांड्या, पाठीवर पिवळी झूल, आणि पहिल्याच गोष्टीत हे सर्कशीतलं पोरगं अर्धवट बांधलेल्या उंच बिल्डिंगच्या लोखंडी तुळयांवर चढून मोठ्या बाप्यांशी मारामारी करतंय, आणि ते बापे गुंड आहेत. ही जोड कुणी लावली? पंच कोण होता? बॅटमॅनच. म्हणजे वस्ताद पण तोच, पंच पण तोच, आणि पोराचा पालक पण तोच. आमच्याकडच्या कुठल्याही तालमीत जाऊन हे सांगून बघा, वस्ताद पायातलं काढेल.

हा रॉबिन आला कशाला हे मात्र मजेशीर आहे. बॅटमॅनच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिल फिंगरची अडचण अशी होती की हा माणूस रात्री एकटाच गच्च्यांवरून फिरतो, बोलणार कुणाशी? दर पानावर त्याला मनातल्या मनात विचार करायला लावून फिंगर कंटाळला होता. होम्सला वॉटसन असतो तसा ह्याला कुणीतरी पाहिजे होता, आणि वाचणारी बहुतेक पोरंच, मग पोरगंच दिलं. खप वाढला, झालं, सगळ्यांनी तोच उद्योग सुरू केला. ह्यूमन टॉर्चला टोरो, ग्रीन ॲरोला स्पीडी, कॅप्टन अमेरिकाला बकी. बकीची भरती तर मला आजपण हसवते, सैन्याच्या छावणीत वाढलेलं हे अनाथ पोरगं एकदा तंबूत शिरतं, आत स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे कॅप्टन अमेरिकाच, कपडे बदलतोय, गुपित फुटलं, आता काय करायचं, तर ये, आजपासून तू माझा पार्टनर. चल हिटलरवर.

अनाथ. हा शब्द लक्षात ठेवा. ह्या सगळ्या पोरांना आईबाप नाहीत आणि ते उगंच नाही. मोठ्या माणसाबरोबर पोरगं रात्री-अपरात्री मारामारीला जाणार म्हणल्यावर घरातून कुणीतरी विचारणारच की कुठं चाललास, कुणाबरोबर चाललास, जेवलास काय. ते विचारणारं माणूसच लेखक पहिल्या पानावर मारून टाकतो, म्हणजे पुढची वाट मोकळी. रॉबिनच्या पहिल्या गोष्टीच्या शेवटी ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅनच, त्याला विचारतो पण, आता सर्कशीत परत जाणार ना? तर पोरगं म्हणतं नाही, मी गुन्हेगारांशी लढत राहिलेलं आईबाबांना आवडेल, आणि मला साहस आवडतं. म्हणजे परवानगी दिली कुणी तर मेलेल्या आईबापांनी, आणि ती कळवली कुणी तर पोरानं स्वतः. असलं पत्र शाळेत बाईंना दाखवून बघा.

मला हे सगळं सुचलं माझ्या भाच्यामुळं, उगंच क्रेडिट घेत नाही. तिसरीत आहे. सुट्टीत आमच्याकडं आला की टीव्हीचा रिमोट त्याच्या मालकीचा, आणि एकदा असंच बॅटमॅनचं कार्टून लागलेलं, मी आपला पेपर वाचतोय, तर हा मधेच म्हणाला, "मामा, ह्येची शाळा किती वाजता असती?" मी म्हणलं असंल सकाळची. तर म्हणतो, "मग रात्रभर जागून हा शाळंत झोपत न्हाई? आणि ह्येची आई काय म्हणत न्हाई?" ताई आतून ओरडली, "विचार मामाला, मामाला पण रात्रभर फिरताना कोण काय म्हणत न्हाई." तो विषय तिथं संपला, पण माझ्या डोक्यातनं जाईना.

कारण आपल्याकडं हा प्रश्न लई जुना आहे आणि नीट विचारलेला आहे. विश्वामित्र अयोध्येला येतात आणि यज्ञाच्या रक्षणासाठी रामाला मागतात. वाल्मीकि रामायणात दशरथ पहिल्यांदा काय म्हणतो? माझा राम अजून सोळा वर्षांचासुद्धा झाला नाही. मग म्हणतो मी स्वतः येतो, सगळं सैन्य घेऊन येतो, पण त्याला नेऊ नका. म्हणजे बापानं सरळ सांगितलं की जोड नाही. विश्वामित्र चिडतात, वसिष्ठ मध्ये पडून समजूत घालतात, आईबाप दोघंही पोराचं मंगल करून मग पाठवतात, आणि लक्ष्मण तर न मागताच बरोबर निघतो, भाऊच तो. आणि ह्याच्यापुढचा भाग मला जास्त आवडतो. वाटेत शरयूच्या काठावर विश्वामित्र आधी काय देतात तर बला आणि अतिबला ह्या दोन विद्या, ज्यानं पोरांना थकवा येणार नाही, भूक-तहान छळणार नाही. अस्त्रं नंतर. आधी खुराकाची सोय.

तालमीत पण हेच असतं की. पन्हाळा, राधानगरी, शाहूवाडीकडचं पोरगं दहा-बारा वर्षांचं झालं की बाप त्याला घेऊन कोल्हापुरात येतो, बरोबर पत्र्याची ट्रंक, तांदळाचं पोतं, घरचं तूप, आणि वस्तादापुढं उभा राहून म्हणतो, "पोरगं तुमच्या पदरात घातलं." ह्या वाक्याला वजन आहे. त्या दिवसापासून पोराचं उठणं, जोर-बैठका, दूध-बदाम, आजारपण, शाळा बुडवली तर छडी, सगळं वस्तादाच्या डोक्यावर. तालमीतली बारकी पोरं मोठ्या पैलवानांची अंगं रगडतात, हौद्यातली माती खणतात, भाकरी थापतात, म्हणजे बघायला गेलं तर हीच ती हीरोच्या मागं-मागं फिरणारी पोरं. पण ती कुस्ती खेळतात आपल्या जोडीच्या पोराशी. पुढं मोठा झाला की बघू. सगळं गोड आहे असं म्हणत नाही मी, तालमीत मार पण बसतो आणि घरची आठवण काढून रात्री रडणारी पोरं मी बघितलीत, पण पोराला काय झालं तर सकाळी बाप येऊन दारात उभा राहणार ही भीती वस्तादाला असते. बॅटमॅनच्या दारात कोण येणार?

तर ऐका, एकदा आला होता.

रॉबिन हे नाव एकामागून एक वेगळ्या पोरांनी घेतलं, त्यातला तिसरा टिम ड्रेक. हा १९८९ साली आला आणि वेगळा होता, कारण त्यानं स्वतः डोकं चालवून बॅटमॅन कोण ते शोधून काढलं आणि म्हणाला की बॅटमॅनला रॉबिन लागतोच, नाहीतर तो बिघडतो. पोरगंच हीरोला सांभाळायला आलेलं. आणि मुख्य म्हणजे हा आला तेव्हा त्याचे आईबाप जिवंत होते. आई पुढं गेली, बाप राहिला. आणि २००४ मध्ये त्या बापाला, जॅक ड्रेकला, कळलं की आपलं पोरगं रात्री काय करतंय. तर ह्या माणसानं काय करावं, पिस्तूल घेऊन तडक ब्रूस वेनकडं गेला जाब विचारायला! वाचताना मी जाग्यावर उठून उभा राहिलो. पासष्ट वर्षं होत आली ह्या पोराटोरांच्या धंद्याला आणि कुणीतरी पहिल्यांदा दार वाजवलं. टिमनं रॉबिनचं काम सोडलं पण. आणि मग? त्याच वर्षी लेखकांनी जॅक ड्रेकला मारून टाकला. म्हणजे कुठं चाललास विचारणारा एक बाप उगवला तर त्याला वर्ष काढू दिलं नाही.

दुसऱ्या रॉबिनचं, जेसन टॉडचं, तर ह्याच्यापेक्षा वाईट झालं. हा वाचकांना आवडत नव्हता, उद्धट होता म्हणायचे. १९८८ साली प्रकाशकांनी दोन फोन नंबर दिले, एकावर फोन केला तर जेसन जगणार, दुसऱ्यावर केला तर मरणार, फोनला पन्नास सेंट. मरू दे म्हणणारे ५,३४३, जगू दे म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगं गेलं. आपल्याकडं ग्रामपंचायतीला एवढ्या फरकानं पडला तर फेरमोजणी मागतात. मी ह्याच्यावर लई विचार केलाय आणि मला त्या पोराला मारणाऱ्या जोकरचा राग येत नाही, तो खलनायकच आहे, त्याचं कामच ते. पैसे देऊन फोन करणाऱ्या त्या पाच हजार लोकांचं पण समजू शकतो, त्यांच्या लेखी तो कागद. पण गोष्टीच्या आतलं बघितलं तर त्या पोराला त्या जागेपर्यंत आणलं कुणी हो?

तसं कॉमिक्सवाल्यांनी एकदा सरळ तोंडावर मारून घेतलंय, ते पण सांगायला पाहिजे. १९७१ साली ग्रीन ॲरो ड्रग्जवाल्यांच्या मागं लागतो आणि शोधत शोधत जातो तर घरात त्याचाच स्पीडी सुई टोचून बसलेला. हीरोसाहेब जगाची दुःखं मिटवत फिरत होते, घरचं पोरगं कुठं गेलं बघायला टाइम नव्हता. आणि ह्यावर त्यानं काय केलं, तर पोराला मारलं आणि घराबाहेर काढलं. सावरलं कुणी तर ब्लॅक कॅनरी नावाच्या दुसऱ्या हिरोईननं. आमच्या गल्लीत असले दोन-चार समाजसेवक आहेत, जास्त बोलत नाही.

आता तुम्ही म्हणाल एवढं मनावर कशाला घ्यायचं, पोरांना मजा येते म्हणून असतात ही पात्रं. येते काय खरंच? लहानपणी आम्ही भाड्यानं इंद्रजाल कॉमिक्स आणायचो, मराठीत वेताळ, आणि त्याच्या कवटीगुहेत रेक्स आणि टॉम ही दोन पोरं असायची, पण गल्लीत खेळताना भांडण लागायचं ते वेताळ कोण होणार ह्यावर, रेक्स व्हायला कोण तयार नसायचं, शेवटी बारक्यांवर ढकलायचं. अमिताभचं सुप्रीमो नावाचं कॉमिक्स निघालेलं ऐंशीच्या दशकात, त्यातपण त्याच्याबरोबर विजय आणि अँथनी अशी दोन पोरं आणि शाहीन नावाचा ससाणा, तिथं ससाणा व्हायला गर्दी. व्यंगचित्रकार ज्यूल्स फायफरनं १९६५ च्या त्याच्या पुस्तकात हे चांगलं पकडलंय, तो म्हणतो मला रॉबिनचा राग यायचा, कारण मोठ्या हीरोसारखं व्हायला माझ्याकडं अजून वेळ होता, पण हे पोरगं माझ्याच वयाचं आणि आत्ताच माझ्यापेक्षा भारी. शेजारच्या काकूंच्या पहिल्या नंबरवाल्या पोरासारखं ते.

शेरलॉक होम्सकडं मात्र व्यवहार चोख. लंडनच्या रस्त्यावरची फाटकी पोरं, त्यांचा म्होरक्या विगिन्स, १८८७ च्या पहिल्याच कादंबरीत येतात. ही पोरं सगळीकडं जातात, सगळं बघतात, सगळं ऐकतात, पोलिसांना नाही जमत ते ह्यांना जमतं. रोज ठरलेला, एक शिलिंग, आणि पुढच्या एका केसमध्ये आगबोट शोधून काढेल त्याला वर एक गिनी. मारामारी नाही, फक्त माहिती आणायची. फक्त एक आहे, पोरं सगळी जिन्यानं वर आली की होम्स वैतागतो, पुढच्या वेळी एकट्या विगिन्सनं वर यायचं, बाकीच्यांनी रस्त्यावर थांबायचं. पैसे देतो पण चप्पल दारात.

आपल्या कायद्यात हे कुठं बसतं म्हणून मी उगंच डोकं लावलं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या पोराला कामावर ठेवता येत नाही, सूट दोनच, शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत, तेपण धोक्याचं काम नसेल तर, आणि सिनेमा-जाहिरातीत वगैरे कलाकार म्हणून, पण त्यातूनही सर्कस वगळलेली. म्हणजे रॉबिन आधी सर्कशीत होता तेपण बेकायदा आणि नंतर बॅटमॅनच्या घरच्या धंद्यात शिरला तेपण बेकायदा. पोराचं नशीबच खोटं.

परवानगी घेतल्याचं एक भयानक उदाहरण जपानमध्ये आहे, १९७० साली सुरू झालेली ती भटक्या सामुराईची आणि त्याच्या लेकराची चित्रकथा. बायकोचा खून झालेला, बापाला आता मारेकऱ्याच्या वाटेला जायचंय, तर तो रांगत्या पोरापुढं एकीकडं चेंडू ठेवतो आणि एकीकडं तलवार. चेंडू धरलास तर तुला आईकडं पाठवतो, म्हणजे मारतो, आणि तलवार धरलीस तर माझ्याबरोबर चल. पोरगं तलवारीकडं जातं. मग अख्खी गोष्टभर लाकडी गाड्यात बसून ते बापाबरोबर फिरतं. आपल्याकडं बारक्यापुढं पुस्तक, पेन, पैसे ठेवतात तसलंच हे, पण आपण निदान चुकीचं उचललं तर हसतो.

आणि तरीसुद्धा ह्या सगळ्यातलं माझं लाडकं पोरगं कोण विचाराल तर शॉर्ट राउंड. १९८४ चा तो इंडियाना जोन्सचा सिनेमा, आपले अमरीश पुरी त्यात खलनायक मोलाराम, भारतात घडतो म्हणतात पण शूटिंग श्रीलंकेत, आणि त्यात भारताबद्दल जे काय दाखवलंय त्याच्यावर वेगळं बोलायला लागेल, साप काय, माकडाचं डोकं काय, कोल्हापुरात बसून तांबडा-पांढरा ओरपत बघितलं तर हसूच येतं. पण ते पोरगं! तेपण अनाथच, शांघायवरच्या बॉम्बहल्ल्यात घरचे गेलेले, इंडीचा खिसा मारताना सापडलेलं. पेडलला पाय पोचत नाहीत म्हणून बुटांना ठोकळे बांधून गाडी चालवतं. रीत तीच, पण पुढं वेगळं होतं. इंडीला मोलारामची माणसं रक्त पाजून त्याची बुद्धी फिरवतात, तो ह्या पोरावरच हात टाकतो, आणि तेव्हा हे पोरगं पळून न जाता मशाल घेऊन त्याच्या अंगाला चटका देतं आणि त्याला जाग्यावर आणतं. रॉबिननं बॅटमॅनला कधी चटका दिलेला आठवत नाही. आणि ते काम करणारा नट, नाव ‘की हुय क्वान’, व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेला पोरगा, मोठा झाल्यावर त्याला काम मिळेना, बरीच वर्षं कॅमेऱ्याच्या मागं काढली, आणि २०२३ साली त्याला ऑस्कर मिळालं, त्याच रात्री स्टेजवर हॅरिसन फोर्ड आणि तो कडकडून भेटले. मी सकाळी सकाळी चहा ठेवून ते बघत बसलेलो, घरातले म्हणाले काय झालं, काय नाही म्हणलं, आमचा एक पोरगा पास झाला.

भाच्याला आता मी सत्यजित रायांचा गुप्तहेर फेलूदा दिलाय. तोपशे फेलूदाचा चुलतभाऊ, दोघं एकाच घरात राहतात, आईबाप जागेवर आहेत, बाहेर निघतात ते बहुतेक शाळेला सुट्टी लागल्यावर, आणि सगळ्यात भारी म्हणजे गोष्ट लिहितोच तोपशे, त्यामुळं हीरो किती भारी दिसणार हे पोराच्या हातात. भाच्याचा रिपोर्ट आला, "बरा हाय, पण हाणामारी कमी हाय." ठीक आहे.

फास्टर फेणेबद्दल त्याला अजून सांगायचंय. भा. रा. भागवतांचा बन्या हा कुणाच्या मागं-मागं फिरणारा नव्हताच, सायकल काढायची आणि ट्टॉक करून निघायचं, मोठी माणसं त्याच्या मागून धापा टाकत यायची. २०१७ च्या सिनेमात मात्र तो मोठा झालेला दाखवला, मेडिकलच्या परीक्षेला पुण्यात आलेला, आणि त्याच्याबरोबर कोण, तर भूभू नावाचं रस्त्यावरचं बारकं पोरगं. फुरसुंगीच्या फेण्यालासुद्धा मोठं झाल्यावर पोऱ्या लागला! सिनेमा मला आवडला, पण बाहेर पडताना मी मनातल्या मनात त्या भूभूचीच गोष्ट रचत होतो, तो रात्री झोपतो कुठं, फेणे परत गेल्यावर त्याचं काय, त्याला कुणी विचारलंय काय की बाबा येणार काय बरोबर. कुणी लिहिणार असेल भूभूच्या तोंडून तर मी पहिला गिऱ्हाईक, फक्त पहिल्याच पानावर त्याचा रोज ठरवून टाका, आणि शोध लावला तर गिनी वेगळी.